युद्धातील मर्यादा आणि आपला वर्ग

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांच्या संयुक्त सभेत केलेले भाषण)



काही दिवसांपूर्वी एका शाळेत पाचवीच्या वर्गात बसण्याचा योग आला. गुरुजी रणांगणावर जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांची माहिती सांगत होते. शत्रूचा सैनिक जखमी होऊन पडला तर त्यालाही पाणी द्यावयाचे असते, असे ते म्हणाले. तोच एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, माझा चुलता फौजेत आहे. त्याच्यावर ज्यानं गोळी झाडली, त्याला पाणी का पाजायचं?" वर्ग स्तब्ध झाला. दया हा श्रेष्ठ गुण आहे, असे सांगून गुरुजींनी पुढचा पाठ घेतला. मुलगा खाली बसला. परंतु त्याचे समाधान झालेले नव्हते. त्याचा प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवीत आहे, कारण तो उद्या आपल्यापैकी कोणाच्याही वर्गात उभा राहील.

ह्या प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ करण्यासाठी परदेशी जावयास नको. कऱ्हेकाठी, ह्याच बारामतीत, मोरोपंतांनी आपले आर्याभारत रचले. महाभारतातील भीष्मपर्वाच्या आरंभी, युद्धाला तोंड लागण्यापूर्वी, दोन्ही पक्षांनी काही नियम ठरविल्याचे वर्णन आहे. निःशस्त्रावर शस्त्र उगारू नये. पळणाऱ्यास मारू नये. दुसऱ्याशी झुंजत असलेल्यावर घाव घालू नये. सारथी, शस्त्रे वाहून नेणारे, शंखभेरी वाजविणारे ह्यांस इजा करू नये. हे नियम पुढे दोन्ही पक्षांकडून मोडले गेले, हे आपण जाणताच. निजलेल्या वीरांचा अश्वत्थाम्याने रात्री संहार केला, त्यास तर सीमाच नाही. परंतु त्या कृत्यास आपण आजही अधर्म म्हणतो, ते कशाच्या आधारावर? मर्यादा आधी ठरलेली होती म्हणूनच ना?

इंदापूरकरांना मालोजीराजांची गढी परिचित आहे. त्या मालोजीराजांचे नातू छत्रपती शिवाजीमहाराज. राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या, सुमारास चिपळूणजवळ तळ देऊन असलेल्या आपल्या लष्कराला महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेचे धान्य, गवत, लाकूडफाटा बळाने घेऊ नका. लागेल ते बाजारातून विकत घ्या. दिव्याची वात उंदराने नेली तरी गंजी पेटेल, इतकी दक्षता बाळगा, असा त्याचा आशय आहे. महाराजांशी वैर धरणाऱ्या खाफीखान ह्या मोगल इतिहासकारानेही, स्त्रियांना व धर्मस्थानांना उपद्रव न देण्याचा त्यांचा दंडक नमूद करून ठेविला आहे. शत्रूच्या लेखणीतून उतरलेली ही साक्ष मोलाची होय.

आता ह्या मर्यादेला जगाच्या कायद्याचे रूप कसे आले ते पाहू. २४ जून १८५९ रोजी उत्तर इटलीत सोल्फेरिनो येथे मोठी लढाई झाली. आंरी द्यूनां नावाचा एक स्विस व्यापारी आपल्या कामासाठी त्या बाजूस गेला होता. हजारो जखमी सैनिक पाण्यावाचून तळमळत पडलेले त्याने पाहिले आणि जवळच्या गावातील बायामाणसांस हाताशी धरून, कोण कोणत्या पक्षाचा हे न विचारता, त्यांची सेवा केली. पुढे १८६२ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले. १८६३ मध्ये जिनीव्हात रेडक्रॉसची समिती स्थापन झाली आणि १८६४ मध्ये जखमी सैनिकांच्या संरक्षणाचा पहिला करार झाला. दुसऱ्या महायुद्धातील अनन्वित छळानंतर, १२ ऑगस्ट १९४९ रोजी चार करार संमत झाले. पहिला भूमीवरील जखमींसाठी, दुसरा समुद्रावरील जखमींसाठी, तिसरा युद्धकैद्यांसाठी आणि चौथा नागरिकांसाठी. भारताने ते १९५० मध्ये स्वीकारले आणि १९६० मध्ये आपल्या संसदेने त्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे हा विषय आपल्या देशाच्या कायद्याचाही आहे.

ह्या कलमांचा उपयोग प्रत्यक्ष काय होतो? डिसेंबर १९७१ च्या युद्धात दिलीप परुळकर ह्या मराठी वैमानिकाचे विमान पाकिस्तानात पाडले गेले व ते युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२ मध्ये ग्रेवाल व हरीश सिंहजी ह्या दोन सोबत्यांसह त्यांनी रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरली आणि ते निसटले. अफगाणिस्तानची सीमा थोडी दूर उरली असता, लंडीकोतल येथे ते पकडले गेले. अशा वेळी संतापलेल्या शत्रूने काय करू नये? तिसरा करार सांगतो, की पळून जाण्याचा प्रयत्न करणाऱ्या कैद्याला केवळ शिस्तभंगाची शिक्षा देता येते, आणि तीही तीस दिवसांहून अधिक नाही. त्याच वर्षी डिसेंबरच्या आरंभी ते तिघे मायदेशी परतले.

उलट बाजूही पाहा. १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यात शरणागती झाली आणि सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात आले. त्यांना अन्न, वस्त्र, औषधोपचार आणि घरी पत्र लिहिण्याची मुभा देणे हे आपले कर्तव्य होते. त्यांची परतपाठवणी मात्र १९७३ च्या सप्टेंबरात सुरू होऊन १९७४ च्या एप्रिलमध्ये संपली. युद्ध थांबताच कैद्यांना विनाविलंब सोडावे, असे करार सांगतो. म्हणून ह्या विलंबाची चर्चा झाली. कायद्याचा आरसा शत्रूपुढे धरावयाचा, तर आपणही त्यात पाहिले पाहिजे. दुसरीकडे, त्याच युद्धात बेपत्ता झालेल्या काही भारतीय सैनिकांच्या कुटुंबांनी वर्षानुवर्षे निश्चित वार्तेची वाट पाहिली. नियम कागदावर राहिला, म्हणजे एखाद्या घराचे दार असे कायमचे उघडे राहते.

ह्याच करारात एक लहानसे कलम आहे. पकडल्यावर लगेच, किंवा छावणीत पोहोचल्यापासून एका आठवड्याच्या आत, कैद्याला आपल्या कुटुंबास कार्ड लिहू दिले पाहिजे. बंधुभगिनींनो, गावात आलेले पत्र पूर्वी कोण वाचून दाखवीत असे? शाळेचे गुरुजी. "मी जिवंत आहे" ही एक ओळ वाचताना ऐकणाऱ्या मातेच्या मुखाकडे पाहावे. जिनीव्हाचा करार म्हणजे काय, ते तेथे समजते.

आता त्या मुलाला काय सांगावयाचे? पहिले असे, की तुझा चुलता उद्या जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला, तर त्याला पाणी मिळावे असे तुला वाटेल. तो नियम दोघांसाठी एकच आहे. परंतु चतुर मुलगा विचारील, "त्यांनी नाही पाजलं तर?" तेव्हा नुसत्या देवघेवीचे उत्तर अपुरे पडते. करार स्पष्ट सांगतो, की कैद्यावर सूड उगवावयाचा नाही. दुसऱ्याने नियम मोडला म्हणून आपण मोकळे होत नाही. असे का? त्याचे उत्तर मुलांच्या खेळातच आहे. कबड्डीत बाद झालेला गडी रेषेबाहेर बसला, की त्याला कोणी ओढीत नाही, मारीत नाही. त्याचा डाव संपलेला असतो. जखमी, शरण आलेला आणि कैदी हे युद्धाच्या डावातून बाद झालेले आहेत. आणि शेतकरी, बायका, मुले, वैद्य हे तर त्या डावात उतरलेलेच नसतात. खेळातील बाद गडी पुढे पुन्हा जिवंत होतो. मारलेला माणूस होत नाही. म्हणून येथे नियम अधिक कडक हवा.

एक व्यवहाराची सूचना करतो. अनेक शाळांत प्रथमोपचाराच्या पेटीवर पांढऱ्या पाटीवर तांबडा क्रूस काढलेला असतो. हेतू चांगला, परंतु १९६० च्या कायद्याप्रमाणे ते चिन्ह परवानगीवाचून वापरता येत नाही. रणांगणावर ते चिन्ह 'ह्यावर गोळी झाडू नका' असे सांगते, आणि जे चिन्ह जागोजागी दिसते त्याची पत राहत नाही. पेटीवर हिरव्या पाटीवर पांढरा क्रूस काढावा. हे काम मुलांकडूनच करवून घ्यावे आणि कारणही सांगावे. तोच एक पाठ होईल.

आजही जगात युद्धे चालू आहेत, इस्पितळे उद्ध्वस्त होत आहेत. मग असले नियम शिकवून उपयोग काय, असे कोणी म्हणेल. चोऱ्या होतात म्हणून चोरी गुन्हा आहे हे शिकविणे आपण सोडलेले नाही. नियम मोडला गेला हे ओळखता येण्यासाठीही तो आधी मनात असावा लागतो, आणि तो मनात रुजविण्याचे वय आपल्या हाती असते. त्या मुलाने पुन्हा प्रश्न विचारला, तर त्याला घाईने खाली बसवू नका, एवढीच माझी विनंती आहे.