होल्डर बाजूला ठेवा



विज्ञानशिक्षकांच्या संमेलनात अध्यक्षाने विज्ञानशिक्षणाचा सर्वांगीण आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. मी मात्र आज एकाच विषयावर बोलणार आहे : सहावी ते आठवीच्या मुलांसाठी विजेची कार्यशाळा कशी आखावी? आपले शिकवणे नेमके कुठे अडते, ते या एका विषयात स्वच्छ दिसते.

१९९७ साली अमेरिकेत ‘माइंड्स ऑफ अवर ओन’ हा माहितीपट निघाला. त्यात एमआयटीच्या पदवीदानाला आलेल्या, अंगात झगे घातलेल्या विद्यार्थ्यांना एक सेल, एक बल्ब आणि एक वायर देऊन बल्ब पेटवायला सांगितले. कित्येकांना तो पेटवता आला नाही. बल्बाला दोन टोके असतात, एक बुडाशी आणि दुसरे धातूच्या कडेला, हे सेल-वायर हाती घेऊन त्यांनी कधी पडताळलेच नसावे.

आता आपल्या शाळांतले संच आठवा. बल्ब होल्डरमध्ये बसवलेला, होल्डरला दोन वायरी आधीच जोडलेल्या, सेल पेटीत, शेजारी बटण. मूल बटण दाबते, उजेड पडतो, टाळ्या वाजतात. पण जे शोधायचे होते, ते त्या होल्डरने झाकून टाकलेले असते. म्हणून माझा पहिला आग्रह असा, की पहिल्या तासाला होल्डर देऊ नका. दोन मुलांत मिळून एक सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि दोन्ही टोके सोललेली एक वायर द्या आणि गप्प राहा.

हे गप्प राहणे फार कठीण आहे. मुले बल्बाचे बूड सेलवर टेकवतात, काही होत नाही. वायर एकाच टोकाला लावतात, काही होत नाही. कोणी वायरीने सेलची दोन्ही टोके जोडतो आणि सेल तापतो. तेवढ्यापुरते पुढे व्हा, वायर काढायला लावा आणि सेल का तापला असेल, हे त्यालाच विचारा. फसलेली प्रत्येक जोडणी वहीत काढायला सांगा. अर्धा तास गेला तरी जाऊ द्या. एका कोपऱ्यात बल्ब लागला की पाच मिनिटांत सगळा वर्ग उजळतो, आणि त्यानंतर पूर्ण विद्युत परिपथाची व्याख्या मुलेच तुम्हांला सांगतात.

या पहिल्या तासाला एलईडी नको, साधा तारेचा बल्बच हवा. एलईडी उलटा जोडला तर लागत नाही, आणि लाल एलईडीलाही एक दीड व्होल्टचा सेल पुरत नाही; मुलाची जोडणी बरोबर असूनही ते हिरमुसते. शिवाय साध्या बल्बातली बारीक तार डोळ्यांना दिसते, वाट कुठून कुठे जाते ते कळते. असे बल्ब आता दुकानात सहज मिळत नाहीत, म्हणून आधीच शोधून ठेवा.

दुसरा तास अंदाजाचा. दोन बल्ब एकापुढे एक जोडले तर कोणता जास्त उजळेल, हे जोडण्याआधी प्रत्येकाने लिहायचे. पहिला बल्ब थोडी वीज खाऊन टाकतो आणि उरलेली दुसऱ्याकडे जाते, असे बरीच मुले लिहितील. जगभरच्या मुलांचा हा समज आहे आणि फळ्यावर खोडून तो जात नाही. दोन्ही बल्ब सारखेच लागलेले पाहिले की मूल स्वतःशी वाद घालू लागते. त्यासाठी आदल्या संध्याकाळी सगळे बल्ब लावून सारख्या उजेडाच्या जोड्या वेगळ्या काढा. एकाच खोक्यातले बल्बही कमीजास्त लागतात, आणि तेवढ्याने सारा तास वाया जातो.

मुलगे जोडणी करतात आणि मुली वहीत लिहितात, हे दृश्य अजूनही अनेक शाळांत दिसते. दर प्रयोगाला हात बदलायचे, हा नियम सुरुवातीलाच सांगा.

घरातली २३० व्होल्टची वीज कार्यशाळेत आणायची नाही. पण तिच्याबद्दल बोलायचे. प्लग नाही म्हणून सॉकेटमध्ये वायरी खुपसून काडीपेटीच्या काड्यांनी घट्ट करणारे हात मुलांनी पाहिलेले असतात. ज्याने तापलेला सेल हातात धरला आहे, त्याला शॉर्ट म्हणजे काय आणि फ्यूज कशासाठी, हे पटकन पटते.

प्रयोगशाळा नाही, पैसे नाहीत, हे गाऱ्हाणे मला मान्य आहे, पण ते शेवटचे उत्तर नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान उपक्रमाने खेड्यांतल्या साध्या शाळांत मुलांच्या हातून प्रयोग करून घेतले. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवणाऱ्या अरविंद गुप्तांनी सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि लाखेचा मुलामा असलेली तांब्याची तार एवढ्यावर फिरणारी मोटर मुलांच्या हाती दिली. वेटोळ्याच्या एका टोकाचा मुलामा पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्याचा एकाच बाजूने. का, हे आठवीच्या मुलांना शोधू द्या.

शेवटी एक विनंती. कार्यशाळा संपली की साहित्य मोजून कपाटात ठेवू नका. सेल, बल्ब आणि वायर मुलांना घरी नेऊ द्या. बटन सेल मात्र देऊ नका, धाकट्या भावंडांनी गिळले तर जिवावर बेतते. आणि तालुक्यातल्या ज्या शाळेत आजवर एकही प्रयोग झालेला नाही, त्या शाळेपासून या वर्षी सुरुवात करा.