चौऱ्याण्णव फाशी, पंचाण्णव प्रेतं

इ.स. ११३८ चा उन्हाळा. इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि त्याची मामेबहीण मॉड यांच्यात जुंपली होती. सेव्हर्न नदीकाठचं श्रूसबरी स्टीफननं जिंकलं आणि किल्ल्यातल्या चौऱ्याण्णव जणांना फासावर चढवलं. हा झाला इतिहास. एलिस पीटर्स यांची ‘वन कॉर्प्स टू मेनी’ ही कादंबरी सुरू होते ती इथून.

प्रेतांवर अंत्यसंस्कार करायला मठातले ब्रदर कॅडफेल येतात. मोजतात, तर पंचाण्णव! त्या जादा प्रेताच्या गळ्यावरचा वळ पाहावा, तर जाड दोराचा नव्हे, बारीक दोरीचा. कुणीतरी मागून गळा आवळून खून केला आणि प्रेत या ढिगात दडवलं. राजानं इतकी माणसं मारली, तिथं आणखी एकाचं काय, असं कुणीही म्हणेल. कॅडफेल म्हणत नाहीत.

हे कॅडफेल मूळचे वेल्सचे, तरुणपणी धर्मयुद्धात लढलेले. आता मठात औषधी वनस्पतींची बाग सांभाळतात. लेखिकेचं खरं नाव एडिथ पार्जेटर. तरुणपणी त्या औषधांच्या दुकानात काम करत. काढे-मलमांचे तपशील त्यामुळेच इतके अस्सल उतरले असावेत. १९७७ ते १९९४ या काळात कॅडफेल-मालिकेच्या वीस कादंबऱ्या आल्या. ही दुसरी, १९७९ ची. माझ्या मते पहिलीपेक्षा सरस. वाचायला सुरुवात हिच्यापासूनच करावी. ह्यू बेरिंगार हा चतुर तरुण इथंच प्रथम भेटतो, आणि तो मित्र की शत्रू, हे लेखिका बराच वेळ कळू देत नाही.