भावांचा सांधा

लिहिलेले नाटक नटाची एक मोठी सोय करते. रागावलेला बाप कोणत्या वाक्यावर विरघळणार, हे नाटककाराने आधीच ठरविलेले असते. उत्स्फूर्त नाट्यप्रवेशात वाक्यही नटाचेच आणि वळणही नटाचेच. म्हणून तेथे भाव दाखविण्यापेक्षा एका भावातून दुसऱ्या भावात जाण्याचा सराव अधिक कष्टाचा ठरतो.

सरावाची रूढ पद्धत दिसावयास सोपी आहे. समजा, भाऊ बहिणीला सासरी धाडण्यासाठी रेल्वेच्या फलाटावर आला आहे. गमतीच्या गोष्टी चालू असताना तालीम घेणारा बाजूने एकच शब्द टाकतो : ‘क्रोध!’ नवखा नट तत्काळ भुवया आणि आवाज दोन्ही चढवितो, आणि प्रवेश तेथेच मरतो. कारण हा क्रोध कशाचा, हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. मुरलेला नट क्षणभर थांबतो. त्याची नजर बहिणीच्या मनगटाकडे जाते. ‘आईच्या पाटल्या कुठे गेल्या गं?’ असे तो हळूच विचारतो. तोवर पाटल्यांचे नावही कोणी काढलेले नसते. आता त्याच्या क्रोधाला कारण मिळाले आणि बहिणीला लपविण्याजोगे काही मिळाले.

शिकागोच्या व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) यांनी असा सराव खेळांच्या रूपाने बांधला आणि १९६३ साली तो ग्रंथरूपाने मांडला. नटाने स्वतःचे जुने दुःख उकरून रंगमंचावर आणावे, हे त्यांना मान्य नव्हते. भाव देहाच्या हालचालीतून दिसावा, असा त्यांचा आग्रह होता. तो योग्यच म्हटला पाहिजे. ज्याच्या घरी नुकताच मृत्यू घडला आहे, त्याला ‘शोक’ म्हणताच खरेच रडू कोसळेल. परंतु त्या रडण्याला समोरच्या नटाने काय उत्तर द्यावे?

आपल्याकडे मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त भावाचा उदय, शांती, संधी आणि शबलता अशा अवस्था सांगितल्या आहेत. विचार काव्याचा असला तरी तालमीला तो चपखल लागू पडतो. तालमीत घाई होते ती बहुधा उदयाची. शांतीला कोणी वेळच देत नाही. एक शब्द उच्चारला गेला की आधीचा भाव पाटीवरच्या अक्षरांसारखा पुसला जातो. वास्तविक राग असा एकदम जात नाही. गाडी फलाटाला लागते, बाजूने ‘वात्सल्य’ असा शब्द येतो, भाऊ बहिणीची ट्रंक उचलतो. पण ती डब्यात ठेवताना किंचित आपटली गेली पाहिजे, आणि मग त्याने खिडकीशी येऊन विचारावे, ‘पाणी घेतलंस ना बरोबर?’