रेडीच्या वाट्याचे दूध

१९६३ साली आपल्या कोल्हापुरात गोकुळ दूध संघ निघाला. घरोघर दुधाचा रोख पैसा येऊ लागला. त्या लोभाने आम्हीही एकदा चुकलो. म्हशीचे सगळे दूध विकले. रेडीपुढे नुसते उसाचे वाडे टाकले. ४ वर्षे झाली, तरी ती गाभण राहिली नाही.

असे का? खाल्लेले आधी अंगात ऊब राखायला आणि हिंडायला फिरायला खर्च होते. उरेल तेच अंगी लागते. उरलेच नाही, तर वाढ कुठली?

म्हणून जन्मल्यावर तासाभरात चीक पाजा. पहिला महिना रोज वजनाच्या दहाव्या भागाइतके दूध द्या. ३० किलोच्या रेडीला ३ लिटर. पुढे हिरवा चारा आणि पेंड द्या.

तिच्या वाट्याचे विकू नका. उद्या तीच तुमची म्हैस होणार आहे.