परसबाग : वसंताआधी करावयाचा हिशोब

(संस्थेच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आम्ही शेतकी शिकलेलो नाही. कला शाखेतून बी. ए. झालो आणि गेली वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसतो. तेव्हा परसबागेवर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच की, चुका आमच्या हातून झाल्या आहेत आणि त्यांचा हिशोब आमच्याजवळ आहे.

थंड मुलुखातल्या पुस्तकांत वसंत आला की भाजी लावावी असे लिहिलेले असते. तिकडे बर्फ वितळते, माती ऊब धरते, त्यांचे बरोबरच आहे. आपल्या नागपुरात वसंत म्हणजे घाईतला पाहुणा. फाल्गुनात पळस फुलतो आणि त्याची फुले झडतात न झडतात तोच ऊन चटके देऊ लागते. २०१३ च्या मे महिन्यात येथे ४७.९ अंश तापमानाची नोंद झाली होती. अशा गावी मार्चअखेर बी टाकणे म्हणजे कोवळे रोप भट्टीच्या तोंडाशी नेऊन बसवणे होय. मे लागण्यापूर्वी वेल मांडवावर चढून त्याची सावली त्याच्याच बुडावर पडली पाहिजे. म्हणून जे ठरवायचे ते पौषात ठरवावे आणि बी माघात मातीत पडावे.

हे आम्ही २०१९ साली शिकलो. घरामागे बारा फूट रुंद, पंधरा फूट लांब जागा रिकामी होती. आमच्या आईने अर्धे आयुष्य दुसऱ्याच्या पऱ्हाटीत निंदण करण्यात घालवले. स्वतःची म्हणावी अशी ओंजळभर माती तिच्या वाट्याला कधी आली नव्हती. तिच्यासाठी म्हणून आम्ही मार्चमध्ये कागदावर रंगीत पेन्सिलींनी नकाशा काढला आणि सगळीच्या सगळी जागा खोदून टमाटर, वांगी, भेंडी, सांभार लावून मोकळे झालो. पारा चाळीसच्या पुढे गेला तशी टमाटरची फुले फळ न धरता गळली. मे महिन्यात बोअर आटली. घरातला कूलर वेगळाच तहानलेला. आम्ही सकाळी साडेनऊला बँकेत निघून जायचो आणि आई समोरच्या नळापासून मागे बादल्या वाहायची. एका दुपारी ती वाफ्यातच कोसळली. ऊन लागले होते. तीन दिवस सलाइनवर काढले. घरी आल्यावर ती रागावली नाही, एवढेच म्हणाली, "कागदावर सारंच लिहिलं रे बाबू, पाणी कोण वाहील ते नाही लिहिलं."

त्याच वर्षी पाऊस लांबला, तोतलाडोह धरणातला साठा तळाला गेला आणि जुलैमध्ये शहराला दिवसाआड पाणी आले. तोवर आमच्या वाफ्यात काड्या उरल्या होत्या.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातील लहान शेते व त्यांवरील उपाय यावर निबंध लिहिला होता. बी. ए.ला अर्थशास्त्र घेतल्यामुळे तो आमच्या वाचनात होता, पण आकलनात नव्हता. शेत किती लहान किंवा मोठे यावरून ते किफायतशीर ठरत नाही. त्यावर लागणारे श्रम आणि भांडवल यांच्याशी जमिनीचे प्रमाण जुळते की नाही यावरून ठरते, असे त्यांचे म्हणणे. ते देशाच्या शेतीविषयी बोलत होते, परसातल्या वाफ्याविषयी नव्हे, हे कबूल. तरी आमच्या बारा बाय पंधराला ते तंतोतंत लागू पडले.

मग आम्ही हिशोब मांडला. मे महिन्यात एका चौरस मीटर वाफ्याला रोज आठ लिटर पाणी आम्ही धरतो. आमची जागा सुमारे सतरा चौरस मीटर, म्हणजे बारा लिटरच्या अकरा बादल्या, त्याही रोज. आता जमेची बाजू. भाजी, तांदूळ, डाळ धुतल्याचे पाणी आठवडाभर मोजले तर रोज चार बादल्या भरले. साबणाचे पाणी धरले नाही. चार बादल्यांत सहा चौरस मीटर भिजते. म्हणून आमची बाग आठ फूट बाय आठ फूट. उरलेल्या जागेत खाट टाकतो. विद्यार्थी मित्रांनी हे गणित आपापल्या घरी करून पाहावे. आकडे वेगळे येतील, रीत तीच. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी मात्र फुकटचे म्हणून ओतू नये. त्यातले पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि रोपांना बाधतात.

आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. भेगांतून ओल उडते आणि मुळे तुटतात. पौषातच शेणखत व कुजलेला पाला कालवून ठेवावा. नंतर बुडाशी वाळक्या पानांचे किंवा रसवंतीवरच्या वाळवलेल्या चिपाडांचे आच्छादन घालावे. पाणी नेहमी उन्हे उतरल्यावर द्यावे, आणि बादली घरातल्या धडधाकट माणसाने उचलावी.

आता काय लावावे? दोडका, कारले, ढेमसे, चवळी. वेलांचे बी रात्रभर भिजवून कागदी पेल्यात रुजवले की माघातल्या गारठ्याचे भय उरत नाही. भेंडी थोडी उशिरा, थंडी ओसरल्यावर. केवडा रोग सोसण्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला 'परभणी क्रांती' वाण आम्हांला मानवला. सांभार मांडवाच्या सावलीत थोडाफार येतो. टमाटरचा मोह उन्हाळ्यात नको, तो हिवाळ्याचा.

यंदा आईने ढेमसे आणि दोडक्याचे बी राखेत घोळून फडक्यात जपून ठेवले होते. त्याच्या पुड्या दाराजवळच्या टेबलावर आहेत, घरटी एक. जाताना न्याव्यात, पण पेरण्यापूर्वी आठ दिवस बादल्या मोजाव्यात, असा तिचा निरोप आहे.