शाळेचं अंतर, घराचा भाव



गंगापूर रोडवर फ्लॅट विकणारा दलाल विटा-सिमेंटचं बोलत नाही. ‘शाळा हाकेच्या अंतरावर, साहेब’ म्हणतो आणि त्या हाकेचे पैसे भावात धरतो. फी पुन्हा वेगळीच!

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांत २५ टक्के जागा वंचितांच्या, गरिबांच्या पोरांसाठी ठेवल्या. पण घरापासून एक किलोमीटर, मग तीन, असं अंतर मोजून. नकाशावर घराची खूण लावा! अशा शाळेजवळ घर घ्यायची ऐपत कुणाची? जात विचारायची गरजच नाही, जमिनीचा भावच आपल्या पोराला गाळतो.

उरली तिथल्या मोलकरणींची, वॉचमनची पोरं. तीही यांच्या डोळ्यांत खुपली. ९ फेब्रुवारी २०२४ला सरकारनं फर्मान काढलं : किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला सूट. हायकोर्टानं १९ जुलै २०२४ला ते रद्द केलं, म्हणून वाचलो.

१९३० साली याच नाशकात काळारामाचं बंद दार निदान दिसत तरी होतं. हे दार नकाशात दडलंय.

अर्ज सुटले की वस्तीत बसायचं. भाड्याच्या घराला नोंदवलेला करार लागतो, मालक करून देत नाही. आधी त्या मालकाकडे जाऊ. दहा-वीस जण मिळून.