आम्ही प्रेक्षक



गेले चार दिवस या व्यासपीठावरून मोठमोठी माणसे बोलून गेली. कोणी उपनिषदांवर बोलले, कोणी शेतीच्या पाण्यावर. आज आमची पाळी आली आहे, आणि आमचा अधिकार विचाराल तर तो एवढाच, की साठेक वर्षे आम्ही सिनेमा पाहत आलो आणि घरात दूरदर्शनचा संच आल्यापासून त्याच्याही समोर बसत आलो. आम्ही टीकाकार नव्हे, कोणा दिग्दर्शकाच्या ओळखीचेही नव्हे. पदरचे पैसे मोडून तिकीट काढणारे आम्ही एक साधे शौकीन. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंतव्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा असल्या माणसालाही पुढे कधी ध्वनिक्षेपकासमोर उभे करतील असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल. पण चिटणीसांचा आग्रह पडला. असो.

पहिला सिनेमा आम्ही पाहिला तो जत्रेतल्या तंबूत. मध्ये पडदा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना माणसे. आम्ही पोरे नेहमी पलीकडच्या अंगाला, कारण तिकडे कोणी हटकत नसे. त्यामुळे शूर पुरुष डाव्या हाताने तलवार चालवतात अशी आमची पुष्कळ वर्षे समजूत होती. हे हसण्यावारी नेऊ नका. एकच चित्र आपण उलट्या बाजूने पाहत असू आणि तेच सुलटे समजत असू, ही शंका आम्हांला या वयात पुन्हा येऊ लागली आहे. आजचे बोलणे त्याच शंकेपोटी आहे.

'कुंकू' हा बोलपट प्रभातने १९३७ साली काढला. आम्ही तो पाहिला पंचेचाळीसेक वर्षांनंतर, शेजारच्या वकिलांच्या दिवाणखान्यात, सतरंजीवर बसून. गल्लीत संच तेवढा एकच होता. कथा आपल्याला ठाऊक आहे: नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनी घेतलेली. तरण्या नीरेला फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांच्या गळ्यात बांधतात आणि ती त्यांना नवरा मानायचेच नाकारते. शांता आपट्यांनी ती नीरा अशी काही उभी केली आहे की बघणाऱ्याने सावरून बसावे. आणि केशवराव दात्यांचे काकासाहेब! खलपुरुष रंगवणे सोपे असते. पण आपण अन्याय करीत आहोत हे ज्याच्या हळूहळू ध्यानात येत जाते तो सभ्य गृहस्थ रंगवणे फार कठीण. त्या बोलपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, भांड्यांचा आवाज, एवढ्यावरच सारे भागवले आहे. आजच्या मालिकांत सासूने नुसती मान वळवली तरी तीन वेळा वीज कडाडते, तेव्हा आम्हांला ते घड्याळ आठवते.

त्या दिवशी आमची आजी आमच्या शेजारी बसली होती. ती बिजवराला दिलेली. लग्नात तिचे वय अकरा आणि आमच्या आजोबांचे अडतीस. सारा वेळ ती बोलली नाही. नीरा काकासाहेबांना तोंडावर सुनावू लागली तेव्हा मात्र आजीने आमच्या कानाशी लागून विचारले, "एवढं बोलते, अन् तिला कोणी मारत कसं नाही रे?"

देवलांचे 'शारदा' रंगभूमीवर येऊन तेव्हा पंचाऐंशी वर्षे होत आली होती. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक 'शारदा कायदा' म्हणतात आणि त्याचा संबंध देवलांच्या नाटकाशी जोडतात. खरे म्हणजे ते नाव विधेयक आणणाऱ्या हरबिलास सारडांवरून पडले. ते काही असो. नाटक झाले, कायदा झाला, बोलपट झाला, आणि बोलपट पाहणाऱ्या आजीला प्रश्न पडला तो हा. वकीलसाहेबांनी शांता आपट्यांची तोंड भरून स्तुती केली. आम्हीही केली. त्यानंतर महिनाही झाला नसेल, त्याच दिवाणखान्यात, त्याच सतरंजीवर त्यांची धाकटी मुलगी पाहायला पाहुणे आले. ती सतरा वर्षांची होती. लग्नाचे वय मुलीला अठरा असा कायदा १९७८ मध्येच झाला होता आणि तो वकीलसाहेबांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक होता. शेजारी म्हणून आम्हांला बोलावणे होते. आम्ही पोहे खाल्ले आणि घरी आलो.

हे जुने झाले असे कोणी समजू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रातल्या विशी ते चोविशीतल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे बावीस जणींची लग्ने अठराच्या आत झालेली निघाली.

आता मालिकांविषयी थोडे. थोडेच, कारण त्यांना शिव्या देणे हा आपल्या गावात जेवणानंतरचा विडा होऊन बसला आहे. १९८२ साली 'उंबरठा' मध्ये स्मिता पाटलांची सुलभा महाजन घराचा उंबरठा ओलांडून स्त्रियांच्या सुधारगृहात नोकरीला गेली. पुढे ती परत आली तेव्हा घरातली तिची जागा उरली नव्हती. ती पुन्हा निघाली. त्यानंतर खाजगी वाहिन्या आल्या, आणि त्यांनी सुलभेच्या लेकीसुनांना उंबरठ्याच्या आत घेऊन कडी लावली. 'चार दिवस सासूचे' ही मालिका नावाप्रमाणे चार दिवसांची असायची, ती अकरा वर्षे चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. बरे, ती पाहिली कोणी? निवडक घरांतल्या संचांना एक यंत्र जोडलेले असते, कोणते घर काय पाहते ते त्यात नोंदले जाते, आणि त्या आकड्यांवर जाहिरातीचे भाव ठरतात. निर्माता म्हणतो, लोक पाहतात म्हणून आम्ही दाखवतो. लोक म्हणतात, दाखवतात म्हणून आम्ही पाहतो. आमच्या घरी आठ वाजता जेवणाचे ताट संचासमोर नेले जाते, आणि कुटुंबाइतकेच आम्हीही सुनेच्या पुढच्या छळाची वाट पाहतो. मध्येच कोणी फोन केला तर आम्हांला रागही येतो.

याच्या उलट एक आठवण सांगतो. १९८८ च्या आरंभी गोविंद निहलानींची 'तमस' ही फाळणीच्या दंगलींवरची मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. ती थांबवावी म्हणून काही मंडळी न्यायालयात गेली. मुंबईच्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली आणि चालू ठेवण्यास मुभा दिली; पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की चित्राचा परिणाम मापायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसावर काय होईल त्यावरून. ज्याला पदोपदी धोका दिसतो अशा डळमळीत मनाच्या माणसावरून नव्हे. तेव्हा हे वाचून आमची छाती फुगली होती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने आम्हांला शहाणे ठरवले होते! आजही कोणाच्या भावना दुखावल्या म्हणून चित्रपट बंद पाडण्याची भाषा निघते, तेव्हा आम्ही पारावर तावातावाने हाच निकाल ऐकवतो. पण तो समंजस, खंबीर मनाचा माणूस घरात केव्हा असतो आणि केव्हा बाहेर जातो, हे आम्हांला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळले.

२९ एप्रिल २०१६ रोजी 'सैराट' आला. आम्ही तो तीनदा पाहिला. पहिल्यांदा भाचीबरोबर. ही आमच्या धाकट्या बहिणीची मुलगी, इंजिनिअर, पुण्यात नोकरीला. लहानपणी सुट्टीत आमच्याकडे राही आणि आमच्या मांडीवर बसून तिने पुष्कळ सिनेमे पाहिले. 'झिंगाट' सुरू झाले तेव्हा पोरे पडद्यापाशी जाऊन नाचली, आणि आमच्या पांढऱ्या केसांची भीड सोडून आम्हीही जागच्या जागी उभे राहिलो. आर्ची बुलेटवरून आली तेव्हा शिट्या झाल्या, त्यातली एक आमची. मग तो शेवट. नागराज मंजुळे यांनी तिथे आवाज काढूनच घेतला आहे. ते लहान मूल, ती तांबडी पावले. भरलेले चित्रपटगृह गप्प होऊन बाहेर पडले. भाचीने गाडीत बसेपर्यंत आमचा हात सोडला नाही.

पुढच्या लग्नसराईत आम्ही पाहिले ते असे: झाडून साऱ्या वरातींत 'झिंगाट'. पत्रिका जुळलेल्या, पोटजातही जुळलेली, आणि त्यांच्यापुढे वाद्ये ते वाजवीत आहेत! आपल्या देशात जातीबाहेरची लग्ने शंभरात पाचाच्या आसपास आहेत, असे २०११-१२ च्या एका मोठ्या पाहणीत दिसले होते. चित्रपटातला शेवट विसरून गाणे तेवढे ठेवून घ्यायचे, ही करामत आपल्याला साधली आहे.

२०१७ च्या दिवाळीत बहीण, मेहुणे आणि भाची आमच्याकडे आली. भाचीने कचेरीतल्या एका मुलाशी लग्न ठरवले होते. मुलगा शिकलेला, सालस. जात निराळी, आपण ज्यांना निराळी म्हणतो ती. मेहुण्यांनी जेवण टाकले होते. बहीण रडत होती. भाची सगळ्यांच्या देखत आमच्याकडे वळून म्हणाली, "मामा, तुम्ही सांगा ना आईला."

श्रोतेहो, त्या घरात नीरेची, सुलभेची, आर्चीची बाजू घेऊन बोलायला आमच्याइतका तयारीचा माणूस दुसरा नव्हता. आम्ही म्हणालो, "बघू. एवढी घाई काय आहे? सहा महिने जाऊ देत." आम्हांला बहिणीचे रडणे बघवत नव्हते हे खरे. पण त्याहून खरे हे, की त्या क्षणी आमच्या डोळ्यांपुढे गल्ली उभी राहिली, आणि आमच्या घरचीही दोन लग्ने व्हायची होती.

भाची काही बोलली नाही. तिने सहा महिनेही घेतले नाहीत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यावी लागते, ती कचेरीच्या फलकावर तीस दिवस लागते, आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. ते तिघे तिच्या कचेरीतले मित्र होते. त्या तीस दिवसांत ती नोटीस आमच्या एका परिचिताने पाहिली आणि आम्हांला येऊन सांगितले. आम्ही हे बहिणीला सांगितले नाही, एवढे एक काम आमच्या हातून बरे झाले. पण आम्ही पुण्यालाही गेलो नाही.

दोन वर्षांनी बहिणीच्या घरचे दार उघडले. नात झाल्यावर उघडायचे ते उघडतेच. भाची आमच्याकडेही आली. आम्ही धीर करून म्हटले, "त्या दिवशी आमचं चुकलं." ती चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "मामा, तुम्ही पिक्चर फार चांगले बघता." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच आम्हांला त्यावर काही उत्तर सुचले नाही.

आमची आजी आता असती तर तिला आम्ही सांगितले असते, की नीरेला कोणी मारत नाही. तिच्या मामासारखी माणसे नुसती 'बघू' म्हणतात.

जिथे आम्ही 'उंबरठा' पाहिला ते आपल्या गावातले चित्रपटगृह पाडून तिथे मंगल कार्यालय झाले, हे आपण जाणताच. येत्या महिन्यात आमच्या पुतणीचे लग्न तिथेच आहे. ते आम्ही कोणी ठरवलेले नाही. तिचे तिने ठरवले आहे, आणि मुलगा कोण, कुठला, हे पत्रिका हाती पडली की आपल्याला कळेलच. गल्लीत चर्चा सुरू झाली आहे. या वेळी बैठकीत थोरले बंधू आमच्याकडे पाहू लागले तेव्हा, "बघू" हा शब्द ओठांवर आला होता, तो गिळून आम्ही "हो" म्हणालो. आवाज जरा कापला. मुलाकडच्या मंडळींत भाचीची ओळख निघाली आहे, त्यामुळे तीही चार दिवस आधीच येणार आहे, मुलीला घेऊन. पत्रिका वाटायला आम्ही स्वतः घरोघर येणार आहोत, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांची गाठ पडेलच.

अध्यक्षांनी मघापासून दोनदा घड्याळ पाहिले आहे.